एक्केचाळीस सराव परीक्षांनंतर अडलेले गुण

आदरणीय ताई,

मी कराड तालुक्यातील एका गावात राहते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले आणि आता बारावीत, कला शाखेत आहे. डिसेंबरमध्ये मला क्लॅट, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांतील प्रवेशासाठीची परीक्षा, द्यायची आहे. जूनपासून मोबाइलवर एका टेस्ट सिरीजमधील ४१ सराव परीक्षा दिल्या. सुरुवातीला ४८ गुण पडत होते, ऑगस्टपर्यंत ६० च्या पुढे गेले आणि तेव्हापासून ६० ते ६६ च्या दरम्यानच अडकून पडले आहेत. परवाच्या परीक्षेत ११२ प्रश्न सोडवले, त्यांपैकी ७४ बरोबर आले, ३८ चुकले आणि ६४.५ गुण पडले. बाबा म्हणतात की सराव कमी पडतो आहे, आणखी एक सिरीज घेऊ, रोज एक पेपर दे. क्लासचे सर सांगतात की खात्री नसेल तर उत्तर भरूच नको, निगेटिव्ह मार्किंगने सगळे जाते. मला मात्र वाटते की माझी अडचण इंग्रजीची आहे. उतारा वाचताना मी मनात त्याचे मराठी करत जाते आणि वेळ संपतो. आता नऊ आठवडे राहिले आहेत. मी काय करावे? आणि माझ्यासारखीला राष्ट्रीय विधी विद्यापीठात प्रवेश मिळू शकतो का?

एक विद्यार्थिनी, जि. सातारा

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम आशीर्वाद. तुझे पत्र मी दोनदा वाचले. त्यात गुणांचा हिशेब अगदी चोख आहे, किती सोडवले, किती चुकले, कोणत्या महिन्यात किती पडले हे सगळे आहे. परंतु ते ३८ चुकलेले प्रश्न कोणते होते आणि ते का चुकले, याविषयी एकही वाक्य नाही. माझ्या मते तुझ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिथेच आहे, म्हणून त्याविषयीच मी सविस्तर लिहिणार आहे.

आधी सरळ सल्ला सांगते. नवी टेस्ट सिरीज घेऊ नकोस. पुढचे पाच आठवडे आठवड्याला एकच पूर्ण पेपर दे, त्यानंतर आठवड्याला दोन, आणि शेवटचे तीन दिवस एकही नको. पेपरला दोन तास लागत असतील, तर तो तपासून समजून घेण्यासाठी किमान चार तास राखून ठेव. हे ऐकून बाबा नाराज होतील याची मला कल्पना आहे, त्यांच्याविषयी पुढे लिहिते.

असे का, तर दोन तासांच्या परीक्षेत माणूस नवे काही शिकत नाही. जे अंगवळणी पडले आहे तेच त्या घाईत वापरतो, आणि वापरल्याने ते अधिक पक्के होते. सुरुवातीच्या परीक्षांनी तुला प्रश्नपत्रिकेची ओळख करून दिली, भीती मोडली, म्हणून ४८ चे ६० झाले. तेवढे काम त्यांनी केले. त्यानंतरच्या प्रत्येक परीक्षेत मात्र तू तीच घाई, तीच अर्धवट वाचलेली वाक्ये आणि तेच चुकीचे तर्क पुन्हा गिरवत आलीस. रोज एक पेपर दिल्याने नऊ आठवड्यांत हे गिरवणे आणखी साठ वेळा होईल, एवढाच फरक पडेल.

आता पेपर तपासायचा कसा, ते सांगते. बहुतेक मुले पेपर संपल्याबरोबर उत्तरतालिका उघडतात, गुण पाहतात, चुकलेल्या प्रश्नाखालचे स्पष्टीकरण वाचतात आणि "अरे, हे तर मला येत होते" असे म्हणून पुढच्या प्रश्नाकडे जातात. या पद्धतीत हाती काहीच लागत नाही, कारण उत्तर समोर असताना प्रत्येक प्रश्न सोपा वाटतो. तू असे कर की रविवारी पेपर दिलास तर त्या दिवशी फक्त कोणते क्रमांक चुकले एवढीच यादी कोणाकडून तरी काढून घे. घरात धाकटा भाऊ किंवा बहीण असेल तर हे काम त्यांना आनंदाने करू दे. बरोबर पर्याय कोणता होता, हे तुला कळता कामा नये. सोमवारी सकाळी तीच प्रश्नपत्रिका घेऊन बस, घड्याळ बाजूला ठेव आणि चुकलेले, सोडून दिलेले व अंदाजाने उत्तर दिलेले सर्व प्रश्न नव्याने सोडव. अंदाजाने दिलेले प्रश्न ओळखता यावेत म्हणून पेपर देतानाच त्यांच्या क्रमांकाशेजारी पेन्सिलीने एक टिंब देत जा. उत्तरतालिका त्यानंतरच पाहायची.

यातून चुकांचे आपोआप वेगवेगळे ढीग पडतात. सावकाश बसल्यावर जे बरोबर आले, ते तुला येत होते, वाचण्यात किंवा घाईत गेले. जे दुसऱ्यांदाही चुकले, आणि तेही त्याच चुकीच्या पर्यायावर, तिथे समजुतीत काहीतरी मुळातून चुकते आहे. हा ढीग सर्वांत मोलाचा असतो, कारण हे प्रश्न तू खात्रीने चुकवतेस आणि पेपर देताना त्यांची शंकाही येत नाही. चालू घडामोडींतील जे माहीतच नव्हते, ते वेगळे, त्यांच्यावर विचार करण्यासारखे काही नसते. तारीख, नाव, विषय टिपून ठेवावा आणि पुढे जावे.

हे सगळे एका जाड वहीत मराठीत लिही. मी मुद्दाम मराठीत म्हणते, कारण आपण का चुकलो हे ज्या भाषेत आपण स्वतःशी बोलतो त्याच भाषेत प्रामाणिकपणे सांगता येते. "कायदा विभाग, चूक" अशी नोंद निरुपयोगी आहे. नोंद कशी असावी, हे एका प्रश्नावरून दाखवते. प्रश्न मीच रचला आहे, पण त्याची घडण क्लॅटमधील कायदेविषयक उताऱ्यांसारखी आहे.

उताऱ्याचा आशय असा आहे. एखादा माणूस आपल्या जमिनीवर, निसटल्यास अपाय करील अशी वस्तू आणून साठवतो आणि ती निसटून शेजाऱ्याचे नुकसान होते, तेव्हा साठवणाऱ्याने पुरेशी काळजी घेतली होती की नव्हती, हे न पाहता तो भरपाईला जबाबदार ठरतो. मोठ्या प्रमाणावर साठवलेले पाणी ही अशीच वस्तू समजली जाईल. मात्र ज्याच्यावर साठवणाऱ्याचे कोणतेही नियंत्रण नव्हते अशा त्रयस्थ माणसाच्या कृत्यामुळे ती वस्तू निसटली असेल, तर साठवणारा जबाबदार नाही. हे तत्त्व रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या इंग्लंडमधील खटल्यातून आले आहे. लँकाशायरमधील एका गिरणीमालकाच्या तलावाचे पाणी जुन्या, बंद पडलेल्या विवरांतून शेजारच्या कोळशाच्या खाणीत शिरले होते आणि १८६८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने त्याचा अंतिम निकाल दिला. परीक्षेसाठी हा इतिहास माहीत असण्याची गरज नाही, तत्त्व उताऱ्यातच दिलेले असते.

प्रसंग असा. एका शेतकऱ्याने आपल्या रानात शेततळे केले, त्यात प्लास्टिकचा कागद अंथरला, पण भोवती कुंपण घातले नाही. एका रात्री कोणा अनोळखी माणसाने येऊन तळ्याचा बांध फोडला आणि सगळे पाणी शेजाऱ्याच्या कांद्याच्या चाळीत शिरले. शेतकरी जबाबदार आहे का? पहिला पर्याय म्हणतो, आहे, कारण त्याने कुंपण घातले नव्हते. दुसरा म्हणतो, आहे, कारण काळजी घेतली की नाही हे पाहायचेच नसते. तिसरा म्हणतो, नाही, कारण बांध त्रयस्थाने फोडला. चौथा म्हणतो, नाही, कारण शेततळे शेतीच्याच कामासाठी होते.

उत्तर तिसरे आहे. परंतु चुकणाऱ्यांची कारणे पाहा. पहिला पर्याय निवडणाऱ्या मुलीने आपला व्यवहारातील न्याय लावला, तळे उघडे ठेवले तर दोष त्याचाच. प्रत्यक्षात काळजी घेणे वा न घेणे हा मुद्दा उताऱ्याने आधीच बाजूला काढला होता. चौथा पर्याय निवडणारीला शेतकऱ्याची बाजू पटली, पण पाण्याविषयीचे उताऱ्यातील वाक्य तिच्या नजरेतून सुटले. दुसऱ्या पर्यायाची गोष्ट मात्र विशेष आहे, कारण तिथे दोन अगदी वेगळ्या मुली एकाच चुकीवर येऊन पोचतात. एकीने उताऱ्याचा पूर्वार्ध वाचला, नियम कळला असे समजून ती थेट प्रश्नाकडे गेली आणि "मात्र" पासूनचे वाक्य तिने वाचलेच नाही. दुसरीने उतारा पूर्ण वाचला, परंतु तिला क्लासमध्ये एम. सी. मेहता खटला शिकवला होता. डिसेंबर १९८५ मध्ये दिल्लीत ओलियम वायूची गळती झाली होती, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने धोकादायक उद्योगांना अशा अपवादांचा आधार घेता येणार नाही, असे सांगितले. ते तिला आठवले आणि उताऱ्यात नसलेला नियम तिने शेततळ्याला लावला.

उत्तरतालिकेच्या दृष्टीने या दोघींची चूक एकच आहे, दोघींचा पाव गुण गेला. उपाय मात्र वेगळे आहेत. पहिलीने वाचण्याची पद्धत बदलायला हवी, दुसरीने उताऱ्याबाहेरचे ज्ञान दाराबाहेर ठेवायला शिकायला हवे. कायद्याचे पुस्तक आणखी वाचल्याने पहिलीचे काही बिघडणार नाही, पण दुसरीची चूक वाढेल. म्हणूनच वहीत असे लिहायला हवे : "प्रश्न ४७, दुसरा पर्याय निवडला. अपवादाचे वाक्य वाचले नव्हते, कारण पहिल्या दोन ओळींत नियम सापडला असे वाटले." अशा वीस-पंचवीस नोंदी झाल्या की त्यांत तुझे स्वतःचे दोन-तीन दोष पुन्हा पुन्हा डोके वर काढताना दिसतील. माझ्याकडे येणाऱ्या मुलामुलींच्या वह्यांत मी हे दरवर्षी पाहते. चुका शंभर असतात, पण कारणे हाताच्या बोटांवर मोजता येतात.

आता तुझ्या सरांच्या सल्ल्याविषयी. त्यामागची कळकळ मला समजते, पण तो हिशेबाला धरून नाही. क्लॅटमध्ये बरोबर उत्तराला एक गुण आणि चुकीच्या उत्तराला ०.२५ वजा, असा नियम आहे. चारही पर्याय सारखेच अनोळखी असताना नुसता अंदाज केला, तर सरासरीने चारांपैकी एक बरोबर येतो, म्हणजे एक गुण मिळतो आणि तीन चुकांचे ०.७५ जातात. चार प्रश्नांमागे ०.२५ शिल्लक राहतात, म्हणजे फायदाही जवळजवळ नाही आणि तोटाही नाही. एक पर्याय खात्रीने बाद करता आला, तर तीन प्रश्नांत एक बरोबर आणि दोन चूक धरून अर्धा गुण पदरात पडतो. दोन पर्याय बाद झाले, तर दोन प्रश्नांतच ०.७५ मिळतात. तेव्हा दोन पर्यायांत घोटाळा होत असेल तिथे उत्तर सोडून देणे म्हणजे हातचे गुण टाकून देणे आहे. तुझे ३८ चुकले, त्यांचे ९.५ गुण गेले, हे खरे. परंतु जे ७४ बरोबर आले त्यांत असे अर्धवट खात्रीचे किती होते, हे सरांनीही पाहिलेले नाही आणि तूही नाही. पेन्सिलीची टिंबे हेच सांगतील. खरा तोटा अंदाजाने होत नाही, तर एका प्रश्नावर तीन-चार मिनिटे घालवून शेवटी अंदाजच करण्याने होतो. मिनिटभरात दोन पर्यायांवर आलीस तर त्यांतला एक निवड आणि पुढे जा.

आता तुझ्या मनातली खरी अडचण. क्लॅट फक्त इंग्रजीत होते आणि सध्याच्या स्वरूपात दोन तासांत १२० प्रश्न असतात. त्यांत इंग्रजीचे २२ ते २६, चालू घडामोडी आणि सामान्य ज्ञानाचे २८ ते ३२, कायदेविषयक तर्काचे २८ ते ३२, तर्कशक्तीचे २२ ते २६ आणि गणिताचे १० ते १४ प्रश्न येतात. गणित सोडले तर सगळे प्रश्न साधारण ४५० शब्दांपर्यंतच्या उताऱ्यांवर असतात. वीस उतारे धरले तर ढोबळमानाने नऊ हजार शब्द वाचायचे झाले. मिनिटाला दोनशे शब्द वाचणाऱ्याला त्यासाठी ४५ मिनिटे लागतात, दीडशे वाचणाऱ्याला एक तास. या पंधरा मिनिटांच्या फरकात दहा-बारा प्रश्न सहज मावतात. त्यामुळे तुझी शंका अगदी योग्य आहे. वाचनाचा वेग हा तुझ्या गुणांतील एक खरा अडसर आहे आणि तो सराव परीक्षा देऊन दूर होणार नाही. तो रोजच्या वाचनानेच होईल.

मनात मराठी करू नये, असे मी तुला सांगणार नाही. ती सवय नऊ आठवड्यांत जाणार नाही आणि तिच्याविषयी अपराधी वाटून घेण्याचेही कारण नाही. मराठी कधी करायचे, एवढेच बदल. सध्या तू शब्दागणिक करतेस, वाक्य अर्ध्यावर असतानाच. त्याऐवजी पूर्ण परिच्छेद इंग्रजीतच वाचून काढ, अडलेला शब्द तसाच ओलांड, आणि परिच्छेद संपल्यावर थांबून त्याचे सार मराठीत एका वाक्यात सांग, "हा म्हणतो की अमुक, कारण तमुक." रोज चाळीस मिनिटे हे कर. इंग्रजी दैनिकाचे संपादकीय पान घे, सुमारे ४५० शब्दांचा मजकूर निवड, तीन मिनिटांचे घड्याळ लाव, वाचून झाल्यावर मजकूर झाक आणि ते एक वाक्य लिही. पहिल्या आठवड्यात तीन मिनिटांत मजकूर संपणार नाही. संपला नाही तरी घड्याळाला मान देऊन थांब आणि जेवढे वाचले तेवढ्याचेच सार लिही.

यासोबत आणखी एक गोष्ट. इंग्रजी कायदेविषयक मजकुरात काही शब्द असे असतात की वाक्य तिथे वळण घेते : "अनलेस", "प्रोव्हायडेड दॅट", "एक्सेप्ट व्हेअर", "नॉटविथस्टँडिंग", "ओन्ली इफ". नियमाचा अपवाद, अट किंवा मर्यादा त्यांच्यामागे येते आणि प्रश्नकर्ता बहुतेक वेळा नेमका तिथेच प्रश्न रचतो. आपल्या शेततळ्याच्या उताऱ्यातले "मात्र" इंग्रजीत यांपैकीच एखाद्या शब्दाने आले असते. वाचताना अशा शब्दांना पेन्सिलीने गोल करत जा. दोन आठवड्यांनी डोळा आपसूक तिथे थांबू लागतो.

हे गोल मोबाइलवर करता येत नाहीत, आणि म्हणूनच यापुढचे सगळे पेपर कागदावर दे. क्लॅट २०२१ पासून पेन आणि कागदावर, ओएमआर म्हणजे गोल भरून उत्तरे द्यायच्या उत्तरपत्रिकेवर होते. पडद्यावर पर्यायाला बोट लावणे आणि बॉलपेनने गोल पूर्ण काळा करणे यांत फरक आहे. एका गोलाला पाच सेकंद धरले तरी १२० गोलांना दहा मिनिटे जातात, आणि पेनने केलेला गोल खोडता येत नाही. तालुक्याच्या गावी झेरॉक्सच्या दुकानात प्रश्नपत्रिका आणि कोऱ्या ओएमआरच्या दहा-पंधरा प्रती काढून घे, नव्या सिरीजपेक्षा कितीतरी कमी खर्चात काम होईल. सगळे गोल शेवटी एकदम भरायचे, की प्रश्नागणिक, की एक उतारा संपला की त्याचे पाच-सहा एकत्र, हे आताच ठरव. मला शेवटची पद्धत सर्वांत सुरक्षित वाटते, कारण तिच्यात क्रम चुकला तर लगेच लक्षात येते. एका हुशार मुलाचा सराव परीक्षेत अठराव्या प्रश्नानंतर एक गोल सुटला आणि पुढची सगळी उत्तरे एका घराने सरकली. ते त्याला पेपर संपताना कळले. सराव होता म्हणून निभावले.

परीक्षा दुपारी दोन ते चार असते. जेवणानंतरची ती वेळ डोके जड होण्याची असते, तेव्हा रविवारचा पेपरही दोनलाच सुरू कर, त्या दिवशी जेवण साडेबाराच्या आत आणि हलके घे, आणि दोन तास कोणी हाक मारणार नाही याची घरात आधीच सांगून व्यवस्था कर. २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी परीक्षा डिसेंबरच्या पहिल्याच रविवारी झाली. म्हणजे बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेपूर्वी तुला दोन महिने मोकळे मिळतात, तोवर कॉलेजचा अभ्यास पूर्ण बाजूला ठेवू नकोस, पण त्याची धास्तीही घेऊ नकोस.

कोणते पेपर सोडवावेत, हेही महत्त्वाचे आहे. उताऱ्यांवर आधारलेले आजचे स्वरूप २०२० पासून आले. तेव्हापासून २०२६ च्या प्रवेशासाठी झालेल्या परीक्षेपर्यंत सात मूळ प्रश्नपत्रिका उपलब्ध आहेत. पहिल्या चार १५० प्रश्नांच्या आहेत, २०२४ च्या प्रवेशापासूनच्या १२० प्रश्नांच्या. त्याआधीचे दोनशे सुट्या प्रश्नांचे पेपर आता वेळेचा अंदाज घेण्याच्या कामाचे राहिलेले नाहीत. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या कन्सॉर्टियमने, म्हणजे ही परीक्षा घेणाऱ्या त्यांच्या संघाने, संकेतस्थळावर दिलेले नमुना पेपरही घे. खासगी सिरीजचे पेपर वाईट असतात असे नाही, पण त्यांची काठिण्यपातळी आणि प्रश्नांची घडण एकसारखी नसते. मूळ पेपरमधला प्रश्नकर्ता कसा विचार करतो, हे मूळ पेपरमधूनच कळते. १५० प्रश्नांचे पेपर आताच्या पाच आठवड्यांत वाचनाच्या आणि चुकांच्या वहीच्या कामी लाव. शेवटचे तीन, १२० प्रश्नांचे, नोव्हेंबरसाठी अजिबात न उघडता ठेव. तू ते आधीच मोबाइलवर सोडवले असतील तरी हरकत नाही, उत्तरे पाठ नसतील तर कागदावर पुन्हा दे.

उत्तरतालिकेवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नकोस. १ डिसेंबर २०२४ रोजी झालेल्या परीक्षेतील काही उत्तरांचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मे २०२५ मध्ये मिटला. मूळ परीक्षेत असे होते, तर सराव परीक्षेत होणारच. दुसऱ्यांदा सोडवूनही तुझे उत्तर आणि तालिकेतले उत्तर जुळत नसेल, तर वहीत तीन ओळींत तुझा युक्तिवाद मांड, उताऱ्यातील कोणत्या वाक्याचा आधार आहे ते लिही आणि सरांना दाखव. तू चुकत असशील तर ते लिहितानाच तुझ्या लक्षात येईल. तालिका चुकत असेल तर तेही कळेल. कायद्याच्या शिक्षणाला पुढे याचाच उपयोग व्हायचा आहे.

चालू घडामोडींसाठी रोज अर्धा तास पुरे. त्या विभागात उतारा दिलेला असला तरी बरेच प्रश्न उताऱ्याबाहेरच्या माहितीवर असतात, म्हणून तिथे उतारा निवांत वाचण्यात वेळ घालवू नये, थेट प्रश्नांकडे जावे. गणित दहावीच्या पातळीचेच असते, शेकडेवारी, गुणोत्तर, सरासरी, तक्त्यातील आकडे वाचणे. कला शाखेतील मुली तो विभाग सोडून देतात, हे मला अजिबात पटत नाही. दहा ते चौदा गुण आहेत, रोज वीस मिनिटे दे.

बाबांविषयी. ते दर रविवारी गुण विचारतात, कारण तुझ्या अभ्यासाचे त्यांच्यापर्यंत पोचणारे माप तेवढेच आहे. त्यांना दुसरे माप दे. सोमवारी संध्याकाळी वही घेऊन त्यांच्याजवळ बस आणि त्या आठवड्यातील दोन प्रश्न, शेततळ्यासारखे, मराठीत समजावून सांग, काय विचारले होते, तू काय निवडलेस आणि का चुकलीस. त्यांना कायदा येत नसला तरी चालेल, ज्याला येत नाही त्याला समजावताना आपली समजूत किती पक्की आहे हे आपल्यालाच कळते. या पत्राचा हा भाग त्यांना वाचून दाखवलास तरी मला आनंद होईल. सिरीजचे पैसे वाचले तर त्यातून इंग्रजी दैनिक लावून घ्यावे, अशी माझी त्यांना नम्र विनंती आहे.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न. प्रवेश मिळेलच, असे मी लिहिणार नाही. पेपर किती अवघड निघतो त्यावर दरवर्षी प्रवेशाची रेषा वरखाली होते, म्हणून ६४.५ या आकड्याचा अर्थ आज कोणालाही छातीठोकपणे सांगता येणार नाही. तुझ्या सिरीजमधील गुणांची दुसऱ्या सिरीजमधील कोणाच्या गुणांशी तुलना करूनही काही कळणार नाही. एवढे मात्र नक्की सांगते की मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर या तिन्ही ठिकाणच्या महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठांत राज्याच्या रहिवाशांसाठी राखीव जागा असतात. तेव्हा रहिवासाचा दाखला आताच काढून ठेव, आणि जातीचा दाखला लागू असेल तर त्याची कागदपत्रेही. तहसील कार्यालयात डिसेंबरमध्ये हेलपाटे नकोत.

राज्याची पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची कायदा सीईटीही अवश्य दे. तिच्यात चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, म्हणून तिथे एकही प्रश्न कोरा ठेवायचा नसतो, आणि प्रश्नपत्रिका मराठीतूनही असते. ती संगणकावर होते, तेव्हा मोबाइलवरचा तुझा सराव तिथे कामी येईल. मुंबईचे १८५५ मध्ये स्थापन झालेले शासकीय विधी महाविद्यालय, पुण्याचे १९२४ पासूनचे आयएलएस यांसारख्या महाविद्यालयांचा रस्ता त्या परीक्षेतून जातो, आणि तो दुय्यम रस्ता आहे असे मला कधीच वाटलेले नाही.

या रविवारी नवा पेपर घेऊ नकोस. परवाचा, ६४.५ गुणांचा पेपर छापून आण आणि त्या ३८ प्रश्नांना वर सांगितल्याप्रमाणे पुन्हा बस. त्यांपैकी जे दुसऱ्यांदाही त्याच पर्यायावर चुकतील, त्यातले तीन निवडून तुझ्या कारणांसह मला लिहून पाठव. मी त्यांना उत्तर देईन.

तुझी,
ताई